थांबण्याची मजुरी

जुन्या गाडीचे स्टिअरिंगचे चाक जाम झाले की बहुतेक गॅरेजांत एकच दृश्य दिसते. नट सैल करून आट्यांच्या टोकाशी आणलेला असतो. एक जण सीटवर बसून गुडघ्यांनी चाक वर रेटत असतो आणि दुसरा दांड्याच्या डोक्यावर सुंबा धरून हातोडा घालत असतो. पुष्कळदा चाक निघतेही, आणि म्हणूनच ही रीत टिकून आहे. ती चुकीची आहे असे आमचे मत आहे. मात्र ती टिकण्याचा दोष आम्ही मिस्त्रीच्या अज्ञानाला देत नाही. चांगल्या मिस्त्रीला पुलर माहीत असतो. दोष आपल्या मजुरी लावण्याच्या पद्धतीत आहे. कामाचा दर ठरलेला असतो आणि त्या दरात ठोकायला पैसे मिळतात, थांबायला मिळत नाहीत.

चाक धरून ठेवणारी गोष्ट कोणती, हे आधी पाहू. नट काढल्यावर चाकाचा बॉस दांड्यावर एक तर स्प्लाइनवर बसलेला असतो, नाही तर निमुळत्या टेपरवर, चावीसह. टेपरचा कोन लहान असला की तो घर्षणानेच स्वतःला घट्ट धरतो. ते त्याचे कामच आहे, तो बिघाड नव्हे. बिघाड त्यानंतर सुरू होतो. पोलादी दांड्यावर पोलादी बॉस असेल तर फटीत गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. बॉस अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा अशी जणू बॅटरीच तयार होते. तीत अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी स्प्लाइनच्या दातांत पाचरीसारखी ठासून बसते. खारट हवेत ही क्रिया जोरात चालते. मुंबईत किंवा कोकणपट्टीत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे चाक पुण्यातल्या गाडीपेक्षा हट्टी निघाले तर नवल नाही. म्हणजे तिथे काही अडकलेले नसते, तर भरलेले असते. भरलेली जागा एका फटक्यात रिकामी होत नाही. तेल आत झिरपायला, थर तडकायला आणि पुन्हा तेल शिरायला वेळ लागतो.

आता जोराचा हिशेब मांडू. एक किलोचा हातोडा सेकंदाला पाच मीटर वेगाने आला आणि अर्ध्या मिलिमीटरात थांबला, तर सरासरी जोर अडीच टनांच्या आसपास भरतो. १२ मिलिमीटरचा पुलरचा बोल्ट साध्या पान्याने ५० न्यूटन-मीटरपर्यंत आवळला, तर तोही सुमारे दोन टन ताण देतो. आकडे जवळपास सारखे आहेत. फरक असा, की हातोड्याचा जोर सेकंदाच्या एका सहस्रांशाहूनही कमी काळ टिकतो, तर पुलरचा रात्रभर. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. पुलर दांड्याला खाली दाबतो तेवढाच बॉसला वर ओढतो. हा जोर त्या दोघांतच फिरतो, खाली उतरत नाही. हातोड्याच्या फटक्यातला चाकाने न झेललेला भाग मात्र दांड्यातून सरळ स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो. अनेक जुन्या गाड्यांत दांडा आणि बॉक्समधला वर्म एकसंध असतात. त्यामुळे ते सगळे वर्मच्या बेअरिंगला सोसावे लागते.

इथे हमखास आक्षेप येतो, की इतकी वर्षे असेच काढतो आहोत, कधी काही झाले नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण तो अनुभवातून आलेला आहे. पण त्या दिवशी काही दिसले नाही, एवढेच तो अनुभव सांगतो. बेअरिंगच्या रेसवर गोळ्यांचे ठसे उमटतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. दोन-चार महिन्यांनी मालक तक्रार घेऊन येतो की गाडी सरळ चालवताना स्टिअरिंग मध्यावर अडखळते, आणि आपण म्हणतो, ‘बॉक्स जुना झाला.’ इजा एका जॉबकार्डावर होते आणि बिल दुसऱ्यावर फाटते. मग पहिल्याचा दोष कुणाच्या नजरेस येणार कसा?

हा धोका आता आणखी वाढला आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून टकरीत आत दबणारा स्टिअरिंग कॉलम नियमाने आला, आणि काही अमेरिकी गाड्यांत तो १९६७ च्या मॉडेलांपासूनच होता. त्यांतल्या बऱ्याच कॉलमांत दांड्याचे दोन तुकडे प्लास्टिकच्या बारीक पिनांनी जोडलेले असतात. धडक बसली की त्या तुटाव्यात यासाठीच त्या आहेत, आणि हातोडा म्हणजे त्यांच्या दृष्टीने धडकच. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हटले आहे. त्या हिशेबाने या गाड्याही आता आपल्याच दारात येणार. व्हिंटेज म्हटले की सगळे भक्कम पोलाद, हा समज इथे महागात पडेल.

दुसरा आक्षेप गॅसच्या नळीचा: तापवा, निघेल. तो अर्धा खरा आहे. २० मिलिमीटरच्या भोकाचा अ‍ॅल्युमिनियम बॉस आणि त्यातला पोलादी दांडा १०० अंशांनी तापला, तर बॉस सुमारे ४६ मायक्रॉन फुगतो आणि दांडा २४. दोन शतांश मिलिमीटरची सुटका मिळते, आणि ती थोडी नाही. पण पोलादावर पोलाद असेल तर दोन्ही सारखेच फुगतात आणि पदरी काही पडत नाही. बॉस आधी तापून दांडा थंड राहील तेवढी काही क्षणांची संधी असते, तेवढीच. त्यात बॉसला लागूनच चाकाचे प्लास्टिक असते. १९३० च्या दशकात टेनाइट नावाने आलेले सेल्युलोज अ‍ॅसिटेट शंभर अंशांच्या आतबाहेर मऊ पडते, आणि त्याआधीचे सेल्युलॉइड तर चटकन पेट घेते. गरम हवेची गन बेतात वापरावी, ज्योत मात्र नको.

पुलर बसतच नाही, ही अडचण खरी आहे. अनेक अमेरिकी चाकांच्या बॉसला पुलरसाठी आटे पाडलेली भोके असतात, जुन्या ब्रिटिश चाकांना बहुधा नसतात. मग तीन पायांचा पुलर आऱ्यांखाली अडकवला जातो आणि आरे वाकतात. यावर उपाय लेथवाल्याकडे आहे. दोन तुकड्यांची जाड पोलादी प्लेट करून घ्यावी. मध्ये कॉलमच्या मापाचे भोक हवे, म्हणजे ती बॉसच्या खालच्या कडेला घट्ट मिठी मारते. ताण देण्यापूर्वी नट दोन-तीन आट्यांवर ठेवावा, म्हणजे चाक सुटताना तोंडावर येत नाही. लुकासच्या जुन्या मांडणीत हॉर्न आणि इंडिकेटरच्या तारा नेणारी नळी दांड्याच्या पोटातून जाते. ती बॉक्सच्या तळाशी आधी मोकळी केली नाही, तर चाकाबरोबर तीही पिळवटते. ताण असताना बॉसच्या कडेला आडवी टिचकी मारायला आमची हरकत नाही. पलीकडून जड ठोकळा टेकवावा आणि तांब्याचा हातोडा वापरावा. कंपाने थर तडकतो हे खरेच आहे. टीका आहे ती दांड्याच्या डोक्यावर मारण्यावर.

‘चाक कापा, दुसरे बसवा’ हा सल्ला एमजीबी किंवा बीटलच्या मालकाला चालेल, त्यांची नवी चाके मिळतात. पण ज्या कुर्ल्यात प्रीमियरने फियाट ११०० बांधली, तिथल्या भंगारबाजारातसुद्धा तडा न गेलेले जुने चाक सहजासहजी हाती लागत नाही. कापलेले प्रत्येक चाक त्या साठ्यातून कायमचे वजा होते.

आता पैशाचे बोलू, कारण गाडी अडते ती तिथेच. मालकाला चार दिवस सांगितले की तो दुसऱ्या गॅरेजात जातो, असे म्हणतात. पण चार दिवसांत प्रत्यक्ष हात किती वेळ लागतो? सकाळी तेल, संध्याकाळी पुलरला पाव फेरा, असे सगळे मिळून तासभरही नाही. गाडी लिफ्टवर नसते, कोपऱ्यात उभी असते, आणि मिस्त्री दुसरे काम करत असतो. एस्टिमेटमध्ये ‘चाक काढणे’ या एका ओळीऐवजी हाताचा तास वेगळा आणि जागेचे भाडे वेगळे लिहिले, तर एकूण रक्कम फारशी वाढत नाही. शिवाय आपण कशाचे पैसे देतो हे मालकाला कळते. रविवारी रॅली आहे म्हणून घाई करणाऱ्याला सांगावे की रिमचे तडे चाक जागेवर ठेवूनही भरता येतात. कॉलमचा वरचा बुश बदलायला चाक काढावेच लागते, ते काम मात्र रॅलीनंतर.

परत बसवताना स्प्लाइनवर साध्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉसला तांब्याची पेस्ट नको, त्यांचेही आपसात पटत नाही. टेपर असेल तर ग्रीस अजिबात नको, पुसून कोरडाच बसवावा. ग्रीस लावलेला टेपर नट आवळताना गरजेपेक्षा खोल ओढला जातो आणि पुढच्या वेळचे जाम आपणच आजच करून ठेवतो.