पाहुणी येण्याआधी मिठाचा डबा



आमच्या वडोदऱ्याच्या घरात सध्या मिठावर चर्चा रंगली आहे. मला चौथा महिना सुरू आहे. सासूबाईंनी काळजीपोटी ठरवलं, की आता बाळंतपणापर्यंत स्वयंपाकात फक्त शेंदेलोण वापरायचं. "उपासाला चालतं ते, शुद्ध असतं गं." शेजारच्या गुजराती काकूंनीही त्यांच्या सिंधालूणची तारीफ करून दुजोरा दिला.

मी इंजिनिअर, त्यामुळे वाद घालण्याऐवजी हिशोब मांडला.

बाळाचा मेंदू घडायला थायरॉइडचं हार्मोन लागतं आणि ते बनवायला आयोडीन. पहिले साधारण तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी हे काम करत नाही, सगळी भिस्त आईवर. पुढेही बाळाला आयोडीन मिळतं ते आईकडूनच. म्हणून जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन सांगते, तर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला 250.

आता मीठ. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घरी पोचलेल्या आयोडीनयुक्त मिठात दर ग्रॅमला किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन हवं. दिवसाला 5 ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चमचा, धरलं तर किमान 75 झाले. बाकीचं दूध, दही, अंडी, मासे यांतून. आमचं घर शाकाहारी, म्हणजे अंडी-मासे बाद. त्यात मीठही बिनआयोडीनचं आलं, तर उरलं काय?

"पण समुद्राच्या खडेमिठात असेलच ना?" सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. देशातलं बहुतेक मीठ आपल्या गुजरातेतच पिकतं. पण मिठागरात मीठ तयार होताना त्यात आयोडीन जवळजवळ राहतच नाही. ते नंतर पोटॅशियम आयोडेटच्या रूपात मिसळावं लागतं. 1956 मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी असं मीठ देऊन पाहिलं आणि गलगंडाचं प्रमाण घटलं. 1962 पासून देशभराचा कार्यक्रम त्यातूनच उभा राहिला.

शेवटी तह झाला. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ, चतुर्थीला शेंदेलोण. मिठाचा डबा शेगडीपासून लांब, झाकण घट्ट, आणि मीठ शक्यतो पदार्थ उतरवताना घालायचं, कारण दमटपणा आणि उष्णतेने आयोडीन कमी होतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आयोडीनसाठी जास्त मीठ खाऊ नका. आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, जादा आयोडीनही बाधतं. थायरॉइड किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर डॉक्टरांनाच विचारा.

तुमच्या घरी लेक, सून, वहिनी दिवसांत असेल, किंवा तशी आशा असेल, तर आज मिठाच्या पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का, एवढं वाचा. डोहाळजेवणाचा बेत नंतर ठरवू.