कोरियातील परदेशी शिक्षकांची गाऱ्हाणी : संस्कृती की कायदा?

दक्षिण कोरियात परदेशी माणसाला इंग्रजी शिकवण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला सरकारी शाळेचा. १९९५ साली सुरू झालेल्या ‘एपिक’ या सरकारी योजनेतून परदेशी शिक्षक शाळांत नेमले जातात आणि स्थानिक शिक्षकाच्या जोडीने वर्ग घेतात. दुसरा मार्ग खासगी क्लासचा. या क्लासांना तिथे हाग्वोन म्हणतात, आणि कोरियातल्या शहरांत ते गल्लोगल्ली आहेत. दोन्हीकडे लागणारा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी बहुतांशी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी कराराने पात्र भारतीय शिक्षकांसाठी शाळेतील सहायक शिक्षकपदाचे दार किलकिले केले. क्लासचे दार बंदच राहिले.

या शिक्षकांची गाऱ्हाणी जुनी आहेत आणि बव्हंशी तीच तीच आहेत. शाळेत वेळापत्रक बदलते आणि ते परदेशी शिक्षकाला वर्गात शिरताना कळते. सुट्टीत मुले नसतात, सहकारी नसतात, तरी त्याने रोज आठ तास रिकाम्या शिक्षकखोलीत बसायचे असते. क्लासमध्ये पगार लांबतो, करारात नसलेले तास वाढतात, वर्ष भरायला महिना-दीड महिना उरला असताना नोकरी जाते. बाहेरच्या जगण्यात आणखी वेगळे काच आहेत. मोबाइल स्वतःच्या नावावर घ्यायचा तर परदेशी नागरिकाचे नोंदणीपत्र हवे, आणि ते हाती येईपर्यंत बँकेपासून जेवण मागवण्यापर्यंतचे निम्मे व्यवहार अडून राहतात. पुढे बँकेने नाव एका क्रमाने नोंदवलेले असते आणि मोबाइल कंपनीने दुसऱ्या, त्यामुळे ऑनलाइन ओळखपडताळणी फसते. कोरियन नाव बहुधा तीन अक्षरांचे असते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही पासपोर्टवर वागवणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या अर्जातली नावाची चौकट तोकडी पडते.

या गाऱ्हाण्यांना दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे : हे सारे कोरियन संस्कृतीतून येते. कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीवर घडलेला हा समाज वरिष्ठापुढे मान तुकवतो, व्यक्तीपेक्षा समूहाला मोठे मानतो, आदेशाचे कारण विचारत नाही. परदेशी शिक्षकाने हे समजून घ्यावे आणि सोसावे. दुसरे उत्तर अधिक रोखठोक असते. पगार मिळतो, राहायला खोली मिळते, पुष्कळदा विमानाचे तिकीटही मिळते, मग तक्रार कसली? ज्याला पटत नाही त्याने परतीची वाट धरावी.

पहिले उत्तर विद्वत्तेचे वाटते आणि दुसरे व्यवहाराचे. दोहोंचे गृहीत मात्र एकच आहे : परिस्थिती आहे तशीच राहणार. हे गृहीत इतिहासाला धरून नाही.

संस्कृतीचा युक्तिवाद आधी तपासू. क्लासमधल्या शिक्षकाला रात्री उशिरापर्यंत शिकवावे लागते, पालकांच्या नाराजीचा धाक सतत वागवावा लागतो. याचे मूळ विद्येच्या परंपरागत आदरात आहे असे सांगितले जाते. परंतु चुन डू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीने जुलै १९८० मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि एप्रिल २००० मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर सोल शहराने रात्री दहानंतर क्लास बंद ठेवण्याचा नियम केला, आणि २००९ मध्ये त्याच न्यायालयाने तो वैध मानला. एकाच संस्कृतीत, तीस वर्षांच्या आत, क्लास गुन्हा ठरला, हक्क ठरला आणि घड्याळाच्या मर्यादेत बांधलेला धंदा ठरला. बदलला तो कायदा. २०२४ साली कोरियन कुटुंबांनी शालेय मुलांच्या खासगी शिकवणीवर सुमारे २९.२ लाख कोटी वॉन खर्च केले. नोव्हेंबरातल्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असताना देशभर विमानांचे उड्डाण-अवतरण थांबवले जाते. एका परीक्षेला एवढे वजन दिल्यावर तिच्याभोवती बाजार उभा राहणारच, आणि बाजारातला नोकर ताणाखाली राहणारच. त्यासाठी कन्फ्यूशियसला साक्षीला बोलावण्याचे कारण नाही.

सुट्टीतल्या रिकाम्या बैठकीचे उदाहरण याहून बोलके आहे. ही प्रथा समूहनिष्ठेचे लक्षण म्हणून सांगितली जाते. समूहनिष्ठा हेच कारण असते तर कोरियन शिक्षकही त्या खोलीत बसलेले दिसले असते. ते नसतात, कारण शैक्षणिक लोकसेवक कायद्याच्या ४१ व्या कलमाने त्यांना सुट्टीत शाळेबाहेर राहून अभ्यास-प्रशिक्षण करण्याची मुभा दिली आहे. परदेशी शिक्षक करारावरचा कर्मचारी असतो. हे कलम त्याला लागू नाही, आणि त्याच्या करारात रजेचे दिवस मोजून दिलेले असतात. एका खोलीतल्या दोन शिक्षकांपैकी एक घरी जातो आणि एक बसून राहतो, हा फरक नेमणुकीच्या प्रकारातून आला आहे. करारात दोन ओळी घातल्या तर तो मिटेल.

ऑनलाइन व्यवहारांतल्या अडचणींतही परदेशी माणूस एकटा नव्हता. १९९९ च्या इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी कायद्याने तिथे अधिकृत प्रमाणपत्राची पद्धत आणली. पुढची वीस वर्षे बँक, खरेदी, सरकारी अर्ज अशा प्रत्येक कामाआधी संगणकावर सुरक्षेच्या नावाने जोडप्रणाली बसवाव्या लागत. कोरियन नागरिकही त्याला विटलेले होते. २०१४ साली चिनी प्रेक्षकांना कोरियन मालिकेत पाहिलेला कोट कोरियन संकेतस्थळावरून विकत घेता येत नाही, अशी खंत खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी बोलून दाखवली. डिसेंबर २०२० मध्ये या प्रमाणपत्राचा विशेष दर्जा रद्द झाला.

आणि वरिष्ठांची मनमानी कोरियन माणूस मुकाट सोसतो, हे तरी कितपत खरे? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्धची तरतूद तिथल्या श्रमकायद्यात जुलै २०१९ पासून लागू झाली. जुलै २०२३ मध्ये सोलमधल्या एका प्राथमिक शाळेतील तरुण शिक्षिकेने शाळेतच जीवन संपवले. पालकांच्या तक्रारींच्या दडपणाची चर्चा त्यातून पेटली, हजारो शिक्षक आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर उतरले, आणि सप्टेंबरात शिक्षकांच्या संरक्षणासाठी कायद्यांत दुरुस्त्या झाल्या. पालकांच्या धाकाविषयी परदेशी शिक्षक जे म्हणतो तेच कोरियन शिक्षक त्याहून मोठ्याने म्हणत होते. संस्कृतीचे कारण पुढे करणारे या कोरियन शिक्षकांवरही अन्याय करतात. त्यांच्या लढ्याला कोरियन मानायलाच ते तयार नसतात.

दुसऱ्या उत्तराचे, म्हणजे ‘नको असेल तर परत जा’ या सल्ल्याचे खंडन एका प्रकरणाने पूर्ण होते. २००७ साली, कोरियात पूर्वी शिकवलेल्या एका कॅनडियन नागरिकाला बाल-लैंगिक अत्याचारांच्या गुन्ह्यांसाठी थायलंडमध्ये अटक झाली. त्यानंतर कोरियाने ई-२ व्हिसाचे नियम कडक केले. गुन्हेगारी नोंदीचा दाखला मागणे योग्यच होते. मुलांच्या सुरक्षेसाठी कोणताही देश तो मागेल. पण त्याबरोबर एचआयव्ही चाचणीही आली. या चाचणीचा मुलांच्या सुरक्षेशी काही संबंध नव्हता. कोरियन शिक्षकांना ती नव्हती आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कोरियन वंशाच्या शिक्षकांनाही नव्हती. उल्सान शहरातल्या न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये पुन्हा चाचणी द्यायला नकार दिला. तिच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. ती परत गेली, पण तक्रार मागे घेतली नाही. मे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने तिच्या बाजूने मत दिले, २०१६ मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ही सक्ती थांबवण्याची शिफारस केली, २०१७ मध्ये चाचणी रद्द झाली आणि २०१९ मध्ये सोलच्या न्यायालयाने सरकारला भरपाई देण्यास सांगितले. त्या शिक्षिकेने मुकाट्याने विमान पकडले असते तर पुढच्या प्रत्येक शिक्षकाचे रक्त त्याच संशयाने तपासले गेले असते. रडगाणे म्हणून जिची वासलात लावता आली असती त्या एका तक्रारीने दहा वर्षांत एका देशाचा नियम बदलला.

असाच प्रकार मार्च २०२१ मध्ये घडला. सोल शहराने सर्व परदेशी कामगारांना कोविड चाचणी सक्तीची केली. त्याच कार्यालयात शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या कोरियन माणसाला ती नव्हती. विद्यापीठांनी, वकिलातींनी आक्षेप घेतला आणि दोनच दिवसांत सक्ती मागे घेण्यात आली.

सर्व तक्रारी मात्र सारख्या वजनाच्या नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. कचरा ठरलेल्या पिशवीतच टाकावा लागतो, खरकटे वेगळे काढावे लागते, ही कुरकुर टिकणारी नाही. १ जानेवारी १९९५ पासून देशभर लागू असलेल्या या पद्धतीत जो जास्त कचरा करतो तो पिशव्यांचे जास्त पैसे मोजतो, आणि नियम सर्वांना एकच आहे. कोरियाने तपशीलवार नकाशांची माहिती देशाबाहेर द्यायला २००७ आणि २०१६ मध्ये नकार दिल्यामुळे गुगलचा नकाशा तिथे पायी वाट दाखवत नसे. पण नेव्हर आणि काकाओ या कोरियन कंपन्यांचे नकाशे उत्तम आहेत. दुकानात, दवाखान्यात कोणी इंग्रजी बोलत नाही, ही तक्रार तर शिक्षकाने करूच नये. राजा सेजोंगने १४४६ साली प्रसिद्ध केलेली हांगुल लिपी २४ मूळ अक्षरांची आहे. थोड्या दिवसांच्या मेहनतीत ती वाचता येते. जो दुसऱ्यांच्या मुलांना परकी भाषा शिकवण्याचे वेतन घेतो, त्याने त्यांची लिपी शिकण्याचा आळस करणे शोभत नाही.

हा गाळ बाजूला केल्यावर खरी तक्रार उरते, आणि तिचे मूळ व्हिसाच्या रचनेत आहे. ई-२ व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. कराराची मुदत संपण्याआधी दुसरीकडे जायचे तर सर्वसाधारणपणे आधीच्या मालकाचे संमतिपत्र लागते. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याच्याच सहीवर सुटका अवलंबून असते. राहण्याची खोलीही बहुधा त्याच मालकाने दिलेली असते, म्हणून नोकरीबरोबर छप्परही जाते. कोरियन कायदा सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला दर वर्षामागे किमान तीस दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी निवृत्तिरक्कम देतो. त्यामुळे अकराव्या महिन्यात माणूस काढला की मालकाची तेवढी रक्कम वाचते. विनाकारण बडतर्फीला श्रम मानके कायद्याने मनाई केली आहे, पण ते कलम पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होत नाही, आणि छोटे क्लास नेमके याच आकाराचे असतात. काही क्लासचालक शिक्षकाला कामगार न दाखवता स्वतंत्र व्यावसायिक दाखवतात, ३.३ टक्के कर कापतात आणि निवृत्तिवेतन व आरोग्यविम्यातला आपला वाटा टाळतात. ठरलेल्या वेळी, मालकाच्या खोलीत, मालकाचे पुस्तक शिकवणारा माणूस स्वतंत्र व्यावसायिक कसा? हा बनाव आहे आणि त्याला बनावच म्हटले पाहिजे.

बांधलेल्या व्हिसाचा भार शिक्षकांपेक्षा कितीतरी अधिक कारखान्यांतल्या आणि शेतांतल्या कामगारांवर पडतो. ऑगस्ट २००४ पासूनच्या परवाना पद्धतीत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, व्हिएतनाम अशा देशांतून येणाऱ्यांना पहिल्या तीन वर्षांत फार तर तीन वेळा काम बदलता येते, तेही ठरावीक कारणांसाठीच. शिक्षकाला पदवी असते, इंग्रजी वर्तमानपत्रे त्याचे ऐकतात. त्या कामगाराचे कोण ऐकणार? म्हणून शिक्षकाने आपली मागणी स्वतःपुरती न ठेवता या कामगारांच्या मागणीला जोडावी.

भेदभावाचेही तसेच. २००९ साली एका विद्यापीठातील भारतीय संशोधकाला बुचॉनमध्ये बसमध्ये वंशावरून शिवीगाळ झाली. न्यायालयाने शिवीगाळ करणाऱ्याला दहा लाख वॉन दंड केला, पण तो अपमानाच्या सर्वसाधारण गुन्ह्याखाली, कारण वांशिक भेदभावासाठी वेगळा कायदाच नव्हता. सर्वंकष भेदभावविरोधी कायद्याचा मसुदा २००७ पासून पुनःपुन्हा मांडला गेला आणि पुनःपुन्हा मागे पडला. सात देशांच्या पासपोर्टलाच इंग्रजीचे प्रमाणपत्र मानणारा व्हिसानियम याच उणिवेचा भाग आहे. शिकवण्याची पात्रता शिक्षणाने आणि अनुभवाने ठरावी, जन्मदेशाने ठरू नये.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत : मालकाच्या संमतिपत्राची अट काढावी, बडतर्फीचे संरक्षण पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या क्लासांनाही लावावे, भेदभावविरोधी कायदा करावा आणि ई-२ पात्रतेतून देशांची यादी वगळावी. यांपैकी एकीनेही कोरियन संस्कृतीला धक्का लागत नाही.

रांजणगावात एलजी आणि तळेगावात ह्युंदाई आल्यापासून महाराष्ट्रातले तरुण कोरियन भाषेकडे आणि कोरियाकडे वळू लागले आहेत. तिकडे शिकवायला किंवा काम करायला निघालेल्याने सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : कामगार किती आहेत, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा कापला जातो का, आणि घर कोणाच्या नावावर आहे. कराराची प्रत व पगाराच्या पावत्या स्वतःजवळ ठेवाव्यात. नोकरी सुटल्यावर सर्व देणी चौदा दिवसांत चुकती झाली पाहिजेत. न झाल्यास श्रम मंत्रालयाचा दूरध्वनी १३५० आहे, तक्रार नोंदवायला पैसे पडत नाहीत, आणि श्रम मानके कायद्याचे ६ वे कलम राष्ट्रीयत्वावरून कामगारांत भेद करू देत नाही.