भंगाराच्या काट्यावर लंडनचा बाजा

लग्नसराई संपत आली की आपल्या मेहकरात दोन गोष्टी होतात. डीजेवाल्या पोरांचे गाडीचे हप्ते फिटतात, आणि एखाद्या बँडवाल्याच्या घरातून जुना पितळी बाजा भंगाराच्या काट्यावर जातो. पहिल्या गोष्टीबद्दल माझी काही तक्रार नाही. पोरं धंदा करतात, करू द्या. दुसरीबद्दल लिहितोय आणि जरा लांबलचक लिहितोय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

बाजा म्हणजे नुसतं पितळ, असं बऱ्याच जणांना वाटतं. वरातीत लांबून बघितलं तर तसंच दिसणार. एका बँडमास्तरांच्या घरी (नाव लिहीत नाही, त्यांनाच नको आहे) माळ्यावर एक युफोनियम आहे. तोच तो पोटाशी धरून वाजवायचा मोठा बाजा, ज्याचा भोंगा वर आभाळाकडे असतो. परवा तो खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि खिडकीपाशी तिरपा धरला. भोंग्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती : बेसन आणि कंपनी, प्रोटोटाइप, 198 युस्टन रोड, लंडन. भोवती नाजूक वेलबुट्टी. बोट फिरवलं की नक्षी हाताला लागते. मास्तरांच्या आज्याने तो घेतला होता. पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडमधून निकाली निघालेले बाजे पूर्वी असेच हात बदलत गावोगाव पोचायचे.

ही नक्षी ठशाने उठवलेली नसते, हाताने कोरलेली असते. कारागीर कोरणी सरळ ओढत नाही, डावी-उजवीकडे डोलवत पुढे नेतो. त्यामुळे रेघ बारीक नागमोडी उमटते आणि उजेड पडला की चमचमते. अमेरिकेत एल्खार्ट नावाचं एक लहानसं शहर आहे. तिथल्या कॉन कंपनीचे जुने बाजे या कोरीवकामासाठी आजही लोक शोधत फिरतात, कोरणाऱ्याच्या हाताची ओळख पटली तर नावानिशी सांगतात. आपल्याकडचं एल्खार्ट म्हणजे मेरठ. तिथल्या जली कोठी भागात घरोघर बाजे बनतात. नादिर अली नावाच्या, इंग्रजांच्या फौजेतल्या बँडमास्तराने 1885 मध्ये तिथे कंपनी काढली आणि 1911 पासून बाजे तिथेच बनू लागले. मेरठच्या बिगुलाला 2025 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे तिकडे सरकार या वस्तूला शहराची ओळख म्हणतंय, आणि आपण इकडे तीच वस्तू किलोवर मोजतोय.

मास्तरांना विचारलं, हा विकणार का? तर म्हणाले, "इकाले काढला त घेते कोन भाऊ? भंगारवाला घेते, थो बी किलोनं. चार-पाच किलो भरते. माह्या आज्याचा दम याच्यात गेला, त्याचं वजन थोडीच करते थो."

आता कोणी म्हणेल, एवढा मौल्यवान आहे तर काचेच्या कपाटात ठेवा. मला हे पटत नाही. बाजा न वाजवता ठेवला की त्याच्या कळा अडकतात. तो वाजवला, तेलपाणी केलं, धुतला तर चालता राहतो. पण वाजवण्यातही एक गोम आहे. इंग्लंडात 1960 च्या दशकापर्यंत बँडचे बाजे आजच्यापेक्षा चढ्या सुरात बनायचे. आजचा ‘ए’ हा सूर 440 कंपनांचा, त्यांचा 452 च्या आसपास. त्यामुळे जुना बाजा कॅसिओसोबत लावला की दोघांचं जमतच नाही. मास्तरांच्या पोराला वाटायचं की आज्याचा बाजा बिघडलाय. बिघडला नव्हता, तो जुन्या सुरात बोलत होता. सूर जुळवायची नळी थोडी ओढून पुष्कळ काम भागतं, पण ते कानाने करावं लागतं आणि त्याला उस्ताद लागतो.

दुसरी गोम ब्रासोची. लग्नात बाजा चकाकला पाहिजे, म्हणून दर हंगामात घासायचा. घासून घासून वेलबुट्टी पुसट होते, मग नाव जातं, मग पत्ता. मी असा एक ट्रम्पेट पाहिलाय की ज्याच्यावर फक्त अर्धवट ‘लंडन’ उरलं होतं. यात बँडवाल्याचा दोष काढू नका. मळका बाजा घेऊन गेला तर नवरदेवाचा मामा पैसे कापतो.

ट्रम्पेटवरून आठवलं. 2024 च्या लोकसभेत तुतारी वाजवणारा माणूस हे एक चिन्ह होतं आणि ट्रम्पेट हे दुसरं, पण मराठीत ट्रम्पेटचं नावही ‘तुतारी’ छापलं गेलं. दिंडोरीत त्या ट्रम्पेटला एक लाखावर मतं पडली. तेव्हा सगळा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसून या दोन वाद्यांतला फरक शिकत होता. आपल्या बँडवाल्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी फुकटात सांगितलं असतं : एकाला कळा असतात, दुसऱ्याला नसतात. पण त्यांना विचारतो कोण?

खरं दुखणं इथंच आहे. आपल्या भागात बँड वाजवणारे बहुतेक मातंग आणि मुस्लिम घरांतले. आपल्या प्रत्येक मंगलकार्यात ते सगळ्यात पुढे चालतात आणि पंगतीत सगळ्यात शेवटी बसतात, तेही बोलावलं तर. हंगामाचे मोजके मुहूर्त, बाकीचे महिने मजुरी. पंधरा माणसांचा बँड सांगायचा तर पंधरा पोटं आली. डीजेला एक गाडी आणि तीन माणसं पुरतात. हिशोब कळतो मला. पण पंधरा माणसांपैकी दहा घरी बसली की उरलेल्या पाचांचा बँड होत नाही, आणि मग बाजा माळ्यावरून सरळ काट्यावर जातो.

डीजे बंद करा असं मी म्हणत नाही. कायदा काय म्हणतो तेवढं सांगतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर वाजवायला बंदी आहे. ही बंदी बँडलाही लागू आहे, आणि बँड काही कुजबुजत नाही हेही खरं. फरक इतकाच की बँडवाल्याला दम लागतो. दोन गाण्यांनंतर तो थांबतो, पाणी पितो, तेवढ्यात गल्लीतल्या म्हाताऱ्याला आणि तान्ह्या लेकराला श्वास मिळतो. डीजेला दम लागत नाही.

आपल्या गावात 1888 मध्ये शारंगधर बालाजीची मूर्ती सापडली. इंग्रज ती लंडनला नेणार होते आणि गावाने घाईघाईने प्रतिष्ठापना करून ती इथेच राखली, असं जुने लोक सांगतात. लंडनला मूर्ती जाऊ न देणारं हे गाव. त्याच गावात लंडनहून आलेला बाजा भंगारात जातो, आणि कोणाला त्याची खबरही नसते.

पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत मानाच्या गणपतींपुढे प्रभात बँड, दरबार बँड वाजतात आणि लोक खास ऐकायला थांबतात. आपल्याकडे का नाही होणार? बालाजीच्या उत्सवात, 15 ऑगस्टच्या सकाळी, गणपतीत निदान एका मंडळापुढे गावचा बँड सांगा. नगरपालिकेने आणि मंडळांनी ठरवलं तर खर्च एका मोठ्या बॅनरच्या आसपास येईल, आणि बॅनर काय, दुसऱ्या दिवशी नालीत असतो. लग्नवाल्यांनो, रात्री डीजे लावायचा तर लावा, पण सकाळच्या देवदर्शनाला बँड घ्या. ठरलेले पैसे ठरल्यासारखे द्या आणि जेवायला आपल्या पंगतीत बसवा. शाळांनाही एक सुचवतो. कवायतीच्या बँडसाठी शिक्षक मिळत नाही अशी ओरड असते, तो शिक्षक याच गावात मिस्त्रीच्या हाताखाली विटा उचलतोय.

मेहकर, डोणगाव, जानेफळ, लोणार, सुलतानपूर, जिथे कुठे कोणाच्या घरी जुना बाजा असेल, त्यांनी भोंग्याचा फोटो मला पाठवा. कोणत्या कंपनीचा, कुठला, हे आपण मिळून लावू आणि यादी करू. विकायचाच असेल तर काट्याआधी मला एक फोन करा, वाजवणारा गिऱ्हाईक शोधून देतो. फोटो काढताना उजेड बाजूने तिरपा येऊ द्या, म्हणजे अक्षरं उमटतात. आणि कृपा करून फोटोसाठी म्हणून ब्रासो लावू नका.