पिल्लाच्या लसीतील मोकळे आठवडे

भाद्रपदात माजावर येणाऱ्या कुत्र्या साधारण ६३ दिवसांनी वितात. त्यामुळे दिवाळी उलटली की उभ्या गाड्यांखाली, बांधकामाच्या वाळूत आणि सोसायटीच्या जिन्याखाली पिल्लांची कुईकुई सुरू होते. त्यांपैकी एखादे शाळेतून येणाऱ्या मुलाच्या हातून थेट घरात पोहोचते. त्या रात्री दुधाची वाटी आणि जुने पोते यांची सोय होते. लसीचा विषय निघतो तो बहुधा आठवड्याभराने, एखादा चावा बसल्यावर.

२०२५ हे वर्ष कुत्र्यांविषयीच्या वादाचे ठरले. दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि निर्बीजीकरण व लसीकरणानंतर रेबीजग्रस्त, संशयित किंवा आक्रमक कुत्री वगळता इतरांना मूळ जागी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांपुरता पुन्हा वेगळा आदेश आला. श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे अशी सरळ फाळणी या वादात झाली. त्यात ना धड रस्त्यावरचे ना धड घरातले असे दोन महिन्यांचे पिल्लू कोणाच्याच हिशेबात आले नाही.

ते यायला हवे होते. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील एक तरुण कबड्डीपटू रेबीजने गेला. नाल्यात पडलेले पिल्लू बाहेर काढताना ते त्याच्या बोटाला चावले होते. जखम किरकोळ वाटली, लस घेतली गेली नाही. काही आठवड्यांनी लक्षणे दिसू लागली, आणि लक्षणे दिसल्यावर रेबीजवर इलाज उरत नाही. ‘एवढ्याशा पिल्लाला कसला आलाय रेबीज’ हा समज घरोघरी आहे. पण विषाणू वय पाहत नाही. पिल्लाला तो त्याच्या आईकडून किंवा गल्लीतल्या दुसऱ्या पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून मिळू शकतो.

मग पिल्लू घरी आणले त्याच दिवशी लस का टोचत नाहीत? याचे उत्तर चिकात आहे. खरवस ज्या चिकाचा करतात तसाच चीक कुत्रीलाही येतो आणि त्यातून आईची प्रतिपिंडे पिल्लात उतरतात. पहिले काही आठवडे हीच त्याची ढाल. मात्र ही उसनी प्रतिपिंडे लसीतील विषाणूलाही शत्रू समजून निकामी करतात. बाळाला गोवर-रुबेलाची लस जन्मतः न देता नवव्या महिन्यात देण्यामागे हेच कारण आहे. (पिल्लांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू गोवराच्या विषाणूचा भाऊबंदच आहे.) अडचण अशी, की आईची प्रतिपिंडे नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलते. कोणाची आठव्या आठवड्यात, कोणाची चौदाव्या. मधल्या काळात ढाल पातळ झालेली असते, पण लस चालू देण्याइतकी नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने मात्रा देत राहतात आणि शेवटची सोळा आठवड्यांनंतर देतात. ‘दोन इंजेक्शने झाली, आता पुरे’ म्हणून थांबणारे मालक नेमकी कामाची मात्राच चुकवतात, हे त्यांना कोणी नीट सांगत नाही. पशुवैद्यकाच्या वहीवरची तारीख उपचारांचा धंदा वाढवण्यासाठी लिहिली आहे असा संशय मात्र सगळ्यांना असतो.

या मोकळ्या आठवड्यांत सर्वांत जास्त पिल्ले घेऊन जातो तो पार्वो. मांजरांच्या एका विषाणूशी जवळचे नाते असलेला हा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला. उलट्या, रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू निपचित. माणसाला त्याची बाधा होत नाही. मात्र माणूस तो बुटाला लावून घरी आणू शकतो. साध्या साबणाला तो दाद देत नाही आणि मातीत कित्येक महिने टिकतो. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेले, तिथे महिन्याभरात दुसरे बिनलशीचे पिल्लू आणणे म्हणजे त्याला जाणूनबुजून आगीत घालणे. फरशी, भांडी ब्लीचने धुवावीत. अंगणातल्या मातीवर मात्र तोही उपाय फारसा चालत नाही. लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत उतरवू नये. दवाखान्यातही कडेवरच ठेवावे, कारण आजारी पिल्ले त्याच फरशीवरून गेलेली असतात. कडेवरून जग दाखवायला मात्र हरकत नाही. माणसांची, आवाजांची सवय लागण्याचे वयही नेमके हेच असते. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोचीही लस एकत्रित लसीच्या अनेक प्रकारांत असते. तो आजार कुत्र्याकडून घरच्यांनाही होऊ शकतो.

रेबीजची लस रिवाजाने तिसरा महिना पूर्ण झाल्यावर, मग वर्षाने पुन्हा. म्हणजे घरात आलेले दीड महिन्याचे पिल्लू आणखी सहा आठवडे रेबीजच्या लसीविना मुलांच्या मांडीवर खेळते, आणि दात शिवशिवण्याच्या या वयात ते चावतेच. रस्त्यावरून उचललेल्या अशा पिल्लाचा दात लागून रक्त आले, तर हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते; ते मिळते का, हे विचारून घ्यावे. पोटातल्या चौदा सुया २००४-०५च्या सुमारास इतिहासजमा झाल्या. आता चार-पाच भेटींत दंडावर लस मिळते. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत लस लांबवू नये.

सामूहिक मोहिमांत तीन महिन्यांची अट पाळणे तर आणखी महागात पडते. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे आयुष्य थोडे, जन्म भरपूर. आज सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिली तरी पुढच्या भाद्रपदानंतर जन्मलेली पिल्ले ते प्रमाण खाली आणतात. म्हणूनच मोहिमेत सापडलेल्या पिल्लाला, वय काहीही असो, लस द्यावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अर्धवट उपयोगाची लसही तिथे सोडून दिलेल्या पिल्लापेक्षा बरी. हाताशी उदाहरण आहे ते गोव्याचे. दरवर्षी वाडीवाडीत जाळी घेऊन फिरणारी पथके, शाळांतून शिक्षण आणि संशयित कुत्र्यांची तपासणी यांतून तिथे कुत्र्यांमधील रेबीजची मासिक प्रकरणे ९२ टक्क्यांनी घटली. २०२१मध्ये राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. कुत्री हटवण्याची वाट तिथे कोणी पाहिली नाही.

देशात रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे दगावतात, असा अलीकडचा अंदाज आहे. श्वानजन्य रेबीज संपवण्याची राष्ट्रीय मुदत २०३०ची आहे. तोवर अजून काही भाद्रपद यायचे आहेत, आणि दर वेळी दोन महिन्यांनी गाड्यांखाली नवी पिल्ले असणार आहेत.