शॅम्पेनचा जमाखर्च

शॅम्पेन टेस्टिंगमध्ये नवख्या विद्यार्थ्याला सगळ्यात आधी नीट थुंकायला शिकावं लागतं. ग्लास तिरका धरून रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट जिभेवर फिरवायचा आणि गिळण्याआधी पिकदाणीत टाकायचा. एका बैठकीत आठ-दहा वाइन चाखून प्रत्येकीवर सुवाच्य टिपण लिहायचं म्हटल्यावर दुसरा इलाजही नसतो. सिनेमातल्यासारखं बूच उडवणं तर तिथे अडाणीपणाचं मानतात. बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची. आत सहा वातावरणांइतका दाब असतो. डोळा जायला तेवढा पुरे.

फ्रान्समध्ये वाइनच्या धंद्याचं रीतसर शिक्षण मिळतं. दिजाँची ‘बर्गंडी स्कूल ऑफ बिझनेस’ आणि बोर्दोची ‘केज बिझनेस स्कूल’ इथे ते इंग्रजीतूनही घेता येतं. वाइन बनवणं हा वेगळा विषय, तो रसायनशास्त्राच्या वाटेने जातो. इथे शिकवतात ते खरेदी, किंमत, ब्रँड, वितरण आणि कायदा. (घरच्यांना हे कसं सांगायचं, ते मात्र अभ्यासक्रमात नाही.) या क्षेत्रातल्या अतिशय अवघड परीक्षांपैकी एक ‘मास्टर ऑफ वाइन’. पहिली परीक्षा लंडनमध्ये १९५३ साली झाली. भारताला पहिल्या मानकरी मिळायला २०१६ उजाडलं. त्या मुंबईच्या सोनल हॉलंड.

एका बाटलीचं गणित मांडून बघावं. शॅम्पेनच्या नियमाप्रमाणे ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घेता येतो. म्हणजे ३,४०० बाटल्या. बाटलीमागे जवळपास १.२ किलो द्राक्षं. अलीकडे फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात द्राक्षांना किलोमागे सहा-सात युरो भाव मिळतो. काच, बूच, मजुरी, जाहिरात यांतलं काहीही धरण्याआधी नुसत्या द्राक्षांचेच सात-आठ युरो झाले. तोडणी हातानेच करायची, यंत्राला मनाई. पुढे साधी शॅम्पेन किमान १५ महिने आणि लेबलवर साल छापलेली किमान ३ वर्षं तळघरातून हलत नाही. त्या भागातल्या तळघरांत मिळून शंभर कोटींहून जास्त बाटल्या पडून असतात. त्यांत अडकलेल्या पैशावरचं व्याज कोण भरतं, हे टेस्टिंगच्या टेबलावर कुणी विचारत नाही. धंदा शिकायला आलेल्याने तेच आधी विचारावं.

जमिनीचा मामला तर याहून झणझणीत. सुमारे ३४,००० हेक्टर बागांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास शेतकऱ्यांच्या, पण विक्री बहुतांशी मोठ्या घराण्यांच्या, म्हणजे शॅम्पेन कंपन्यांच्या हातात. मोएत ए शाँदाँ, व्हव क्लिको, क्रूग, रुइनार ही नावं ग्राहकाला वेगवेगळी वाटतात. चौघांचा मालक एकच, एलव्हीएमएच हा उद्योगसमूह. आपल्या ऊसपट्ट्यातल्या वाचकाला पुढचं फोड करून सांगायला नको. शेतकरी आणि घराणी १९४१ साली स्थापन झालेल्या एका समितीत समोरासमोर बसतात आणि हेक्टरी किती द्राक्षं तोडायची ते दरवर्षी ठरवतात. २०२० मध्ये कोविडने लग्नं आणि मेजवान्या बंद पाडल्या. घराण्यांना उत्पादन खाली आणायचं होतं, शेतकऱ्यांना आपलं उत्पन्न टिकवायचं होतं. बऱ्याच ओढाताणीनंतर आकडा ठरला, हेक्टरी ८,००० किलो. वेलीवर त्याहून जास्त पिकलं तरी ते त्या वर्षीच्या विक्रीच्या हिशेबात बसणार नव्हतं. त्या वर्षी सुमारे २४ कोटी बाटल्या खपल्या. २०२२ मध्ये ३२ कोटींच्या वर गेल्या आणि घराणी साठ्याची काळजी करू लागली.

हे डोक्यात ठेवून ग्लास हातात घेतला की चव वेगळी लागते. ताज्या पावाचा वास आला तर ओळखावं, ही बाटली मेलेल्या यीस्टच्या गाळावर बराच काळ आडवी होती. म्हणजे तळघराचं भाडं आलं आणि व्याजही. जीभ आंबटाने आक्रसली आणि गोडी कुठेच सापडली नाही, तर ती ‘ब्रूत नातूर’ असावी, लिटरला ३ ग्रॅमहून कमी साखर. नुसत्या ‘ब्रूत’ला १२ ग्रॅमपर्यंत मुभा आहे. गिऱ्हाईक पाहून साखर घालण्याची रीत जुनी; एकोणिसाव्या शतकात रशियाला जाणारी शॅम्पेन चांगलीच गोड असे. त्या बाजाराच्या जोरावर व्हव क्लिकोचं नाव मोठं झालं. बार्ब-निकोल क्लिको सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि धंदा त्यांनी स्वतः हाती घेतला. बाटल्या उलट्या अडकवून, रोज थोड्या फिरवून गाळ बुचाशी आणण्याची पद्धत त्यांच्याच तळघरात १८१६च्या सुमारास बसवली गेली. हाताने या कामाला कित्येक आठवडे लागतात, गायरोपॅलेट हे यंत्र आठवड्याभरात उरकतं.

बुडबुड्यांवरून मात्र भाव ठरवू नये. त्याच प्रांतातल्या रँस शहरातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिलं की बुडबुडे बहुतेक करून काचेला चिकटलेल्या सूक्ष्म तंतूंतून सुटतात. पाहुण्यांना मोहवणाऱ्या त्या माळेचं श्रेय कधी कधी ग्लास पुसणाऱ्या फडक्याला जातं!

महाराष्ट्राने शॅम्पेनच्या पद्धतीचा नाद फार पूर्वीच केला होता. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याची तांत्रिक मदत घेऊन फेसाळ वाइन बनवली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात पाठवली. पुढे खुद्द एलव्हीएमएचच्याच मोएत हेनेसीने दिंडोरीत वायनरी उभारली; त्यांची ‘शाँदाँ’ २०१३ साली भारतात आली. मालक तोच, पद्धत तीच, तरी द्राक्षं शॅम्पेन प्रांताबाहेरची म्हणून लेबलवर शॅम्पेन लिहायची सोय नाही. नाशिककडे तोडणी सप्टेंबरात होत नाही, ती थंडी सरता सरता होते, आणि लगेच पुढे उन्हाळा. रँसच्या खडूच्या तळघरांना दहा-बारा अंशांचा गारवा बारा महिने फुकट मिळतो, नाशिकला तोच गारवा वीज जाळून विकत घ्यावा लागतो. पंधरा महिन्यांच्या मुक्कामात बाटलीमागे हे बिल किती बसतं, ते दिजाँच्या पाठ्यपुस्तकात सापडायचं नाही; नाशिकहून तिथे गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ते काढायला हरकत नाही.