ग्राहक तयारच होता

इलेक्ट्रिक गाडी खपली नाही की कंपनीवाल्यांकडे एक वाक्य तयार असतं: भारतीय ग्राहक अजून तयार नाही. त्याला म्हणे रेंजची धास्ती आहे, आणि ‘कितना देती है’च्या पुढे त्याला काही कळत नाही. मला या वाक्याचा राग येतो. ग्राहक तयार होता. ज्यांनी तयारी दाखवली त्यांनाच या कंपन्यांनी तोंडघशी पाडलं.

ई-व्हेरिटो आठवतेय? नसेल आठवत, यातच सगळं आलं. रेनॉ आणि महिंद्राची लोगान २००७ साली आली, ती आमच्या नाशिकच्या कारखान्यात बनायची. २०१० मध्ये रेनॉ बाहेर पडली, पुढे गाडीचं नाव व्हेरिटो झालं आणि २०१६ मध्ये त्याच जुन्या सांगाड्यात बॅटरी बसवून ई-व्हेरिटो आली. दावा एका चार्जमध्ये ११० किलोमीटरचा. केंद्राच्या ईईएसएलने २०१७ मध्ये सरकारी खात्यांसाठी दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली, त्यात टाटाच्या टिगोरबरोबर हिचाही नंबर लागला. वर्षभरात बातम्या आल्या की दिल्लीतले बडे अधिकारी या गाड्यांत बसायला तयार नाहीत. शहरात ८०-८२ किलोमीटरही जात नाहीत, अशी तक्रार होती. नाशिकहून शिर्डी नव्वदच्या आसपास. म्हणजे साईबाबा दिसायच्या आधीच गाडीने हात टेकले असते!

साहेबांना नकार देता आला, कारण पैसे त्यांच्या खिशातले नव्हते. टॅक्सीवाल्यांचं तसं नसतं. २६ मे २०१७ ला नागपुरात गडकरींच्या हस्ते ओलाच्या इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या. एकूण दोनशे वाहनं, त्यात महिंद्राच्या ई-टू-ओ प्लसही होत्या. कौतुक केवढं! मग सुरू झाल्या चार्जिंगच्या रांगा. टॅक्सीवाल्याचा रांगेत गेलेला प्रत्येक तास म्हणजे बुडालेलं भाडं. वर्ष पुरं व्हायच्या आत कित्येक चालक गाडी परत करून डिझेलवर जायचं म्हणत होते. ही माणसं विजेला घाबरणारी होती का? त्यांनी गाडी घेतली, चालवली, हिशोब केला आणि मग सोडली. याला मागासलेपण म्हणत नाहीत.

आता कोणी म्हणेल, म्हणजे मुद्दा रेंजचाच ना. नाही. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीचं उदाहरण घ्या. दावा ३१२ किलोमीटरचा. प्रत्यक्षात तेवढी जात नाही, या तक्रारीवरून दिल्ली सरकारने मार्च २०२१ मध्ये तिचं अनुदान थांबवलं. न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, पण नाचक्की व्हायची ती झालीच. तरी गाडी धो धो विकली गेली. माझ्या मते त्याचं कारण म्हणजे बॅटरीवरची आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी. दावा फुगवलेला असेल, पण बॅटरी मेली तर कंपनी बांधलेली आहे, एवढं ग्राहकाला पुरलं.

तरीही टाटाची घसरण झालीच. एकेकाळी देशात विकल्या जाणाऱ्या दहा इलेक्ट्रिक कारमधल्या सात-आठ टाटाच्या असायच्या, २०२५ पर्यंत हा वाटा निम्म्याच्या आसपास आला. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली होती. गाडी ९ लाख ९९ हजारांना, बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. (हे भाडं म्हणजे दुसऱ्या नावाचं कर्जच आहे, जाहिरातीला भुलू नका.) पण गाडीतला सर्वांत महाग आणि सर्वांत अनोळखी भाग पहिल्या दिवशीच ग्राहकाच्या गळ्यात मारायचा नाही, हे कोणाला तरी सुचलं. लोक तिकडे वळले. निष्ठा वगैरे शब्द कंपन्यांनी आपल्याजवळ ठेवावेत. ज्याने आपली जोखीम थोडी जरी उचलली, त्याच्याकडे ग्राहक जातो.

ज्याने ती उचलली नाही त्याचं काय होतं, हे दुचाकीत दिसलं. ओलाच्याच घरातल्या ओला इलेक्ट्रिकने १५ ऑगस्ट २०२१ ला स्कूटर आणली, तेव्हा बुकिंगसाठी झुंबड उडाली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस बजावली, ग्राहक हेल्पलाइनवर १० हजार ६४४ तक्रारी आल्या म्हणून. नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त तक्रारी निकाली काढल्या, असं कंपनीचं उत्तर. डिसेंबरमध्ये महिन्याच्या विक्रीत बजाजची चेतक पुढे निघून गेली. चेतकही विजेवरच चालते. लोक पेट्रोलकडे परतले नाहीत, शेजारच्या शोरूममध्ये गेले.

आणि महिंद्रा? तीच कंपनी आज चाकणमध्ये बीई ६ बनवते आहे, आणि ती लोकांना आवडतेही आहे. आनंद आहे. पण या गाड्या उद्या सेकंडहँड बाजारात येतील आणि तुमच्यातले बरेच जण पहिली गाडी तिथूनच घेणार. पेट्रोल गाडी असेल तर ओळखीचा मेकॅनिक आवाज ऐकून सांगतो, घे किंवा नको घेऊस. बॅटरीला आवाज नसतो. तिच्यात किती जीव उरलाय हे कंपनीच्या यंत्राला कळतं आणि तो आकडा कागदावर यायला हवा, शिक्क्यासह. समोरचा सनरूफ उघडून दाखवायला लागला तरी आधी तो कागद मागा.