यंत्राचा मालक की कंपनीचे कूळ?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज 10’ या आपल्या संगणक-प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. ही प्रणाली 2015 साली बाजारात आली होती. तिच्या जागी आलेली ‘विंडोज 11’ वापरायची, तर संगणकात सुरक्षेची विशिष्ट चिप आणि साधारणपणे 2018 नंतरच्या पिढीचा प्रोसेसर असला पाहिजे, अशी कंपनीची अट आहे. आदल्या दिवसापर्यंत हिशेब करणारा, पत्रे लिहिणारा, मुलांच्या अभ्यासाला उपयोगी पडणारा जुना संगणक त्या दिवशी बिघडला नाही. त्याचा एकही भाग झिजला नाही. तरीही तो असुरक्षित ठरला. तो तसा ठरविणारा मात्र त्याचा मालक नव्हता.

हा प्रश्न मुळशी तालुक्यातील नांदे गावातून पाहिला, म्हणजे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. याच तालुक्यात हिंजवडी आणि माण येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. देशोदेशींच्या कंपन्यांच्या प्रणाली तेथे लिहिल्या जातात, सांभाळल्या जातात. परंतु जगाच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या या परिसरात सामान्य कुटुंबाचा लॅपटॉप बंद पडला, तर पदरी येणारे उत्तर देशात इतरत्र मिळते तेच असते: सुटा भाग मिळत नाही, सबंध बोर्ड बदलावा लागेल, त्या खर्चात नवाच घ्या. यावर लोक दोन प्रकारची मते बोलून दाखवितात. कोणी म्हणतो, हल्ली वस्तू टिकतच नाहीत. कोणी म्हणतो, तंत्रज्ञान पुढे जाते, त्याला इलाज नाही. पहिल्या मतात दोष वस्तूवर जातो, दुसऱ्या मतात काळावर. निर्णय घेणारी कंपनी दोन्हींतून निसटते.

अर्थशास्त्रात घसारा नावाची एक साधी कल्पना आहे. यंत्र वापराने झिजते आणि त्याचे मूल्य वर्षागणिक कमी होते. चाळीस हजार रुपयांचा संगणक आठ वर्षे चालला, तर तो वर्षाला पाच हजारांना पडतो. चार वर्षांत टाकावा लागला, तर दहा हजारांना. पगारदार अभियंत्याला हा फरक सोसतो. कर्ज काढून मुलीला लॅपटॉप घेऊन देणाऱ्या घराला तो सोसत नाही. जेव्हा यंत्राचे आयुष्य झिजेने नव्हे, तर विक्रेत्याच्या तारखेने संपते, तेव्हा तो घसारा राहत नाही. ती ग्राहकावर लादलेली खंडणी होते.

या देशाने अशी परिस्थिती पूर्वी एकदा अनुभवली आहे. 1960 च्या दशकात आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी भारतात 1401 जातीचे संगणक देत असे. ते बहुतांशी वापरलेले, दुरुस्त करून पुन्हा उभे केलेले असत आणि प्रायः भाड्यानेच दिले जात. यंत्र ग्राहकाच्या कार्यालयात, पण मालकी व देखभाल कंपनीच्या हाती, अशी ती व्यवस्था होती. संसदेच्या लोकलेखा समितीने सरकारी खात्यांतील संगणकीकरणावरील आपल्या 1975-76 च्या अहवालात या व्यवहारांची झाडाझडती घेतली. परकीय चलन नियमन कायदा, 1973 अन्वये परकी भांडवल 40 टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे बंधन आले, ते कंपनीला मान्य झाले नाही आणि जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, 1978 साली तिने येथील कारभार आवरला.

या घटनेचे स्मरण आपल्याकडे बहुधा अभिमानाने होते. त्यात काही गैर नाही. परंतु तिचा खरा धडा हकालपट्टीत नाही. पुढची काही वर्षे देशी संगणक महागही होते आणि मागासलेलेही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. 1990 च्या दशकात तीच कंपनी पुन्हा भारतात आली, हेही खरे. धडा वेगळा आहे. कंपनी गेल्यावर तिची यंत्रे बंद पडली नाहीत. 1975 साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक संस्थेतील भारतीय अभियंत्यांनी त्यांची देखभाल हाती घेतली आणि ती चालविली. पुढे याच संस्थेने रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण केले. दुरुस्तीचे ज्ञान ज्याच्या हाती, त्याच्यापुढे मोठ्यात मोठ्या कंपनीचाही धाक उरत नाही. ही संस्था 2001 साली टाटा समूहाला विकण्यात आली. ज्ञान गेले नाही, पण त्यावरची लोकांची मालकी गेली.

आजची व्यवस्था भाड्याची नाही, असे म्हटले जाते. पावती खरेदीची मिळते हे खरे. परंतु प्रणाली परवान्याने, सुटे भाग कंपनीच्या मर्जीने आणि आयुष्य कंपनीच्या तारखेने, असे असेल तर खरेदीदार हा नावाचाच मालक. व्यवहारात तो कूळच.

यावर उपाय नाही, हे म्हणणे खोटे आहे. विंडोज 10 बाबतच पाहा. आणखी एक वर्षाच्या सुरक्षेसाठी कंपनीने घरगुती ग्राहकांना तीन मार्ग दिले: तीस डॉलर भरावेत, किंवा आपल्या संगणकाच्या मांडणीची नोंद कंपनीच्या साठ्यात ठेवावी, किंवा कंपनीच्या बक्षीस योजनेतील गुण वटवावेत. युरोपातील ग्राहक संघटनांनी हरकत घेताच सप्टेंबर 2025 मध्ये तेथील ग्राहकांसाठी या अटी मागे घेण्यात आल्या. वस्तू तीच, कंपनी तीच; फरक केवळ संघटित दबावाचा. युरोपीय संघाने तर जून 2025 पासून विक्रीस येणाऱ्या स्मार्टफोनसाठी सुटे भाग सात वर्षे पुरविण्याचे बंधन घातले आहे. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी एक संकेतस्थळ उघडले आणि मे 2025 मध्ये दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल स्वीकारला. समिती, संकेतस्थळ आणि अहवाल हे कायद्याचे पर्याय होऊ शकत नाहीत.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रणालीची देखभाल किती वर्षे होईल, हे विक्रीच्या वेळी खोक्यावर छापलेले असावे आणि तो शब्द कंपनीवर बंधनकारक असावा. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती गावातल्या स्वतंत्र कारागिरालाही वाजवी दरात मिळावी. युरोपच्या ग्राहकाला दिलेली सवलत भारतीय ग्राहकाला नाकारता येऊ नये. आणि या अटी सर्वांत आधी शासनाने, जिल्हा परिषदेने आपल्या शाळांसाठी होणाऱ्या खरेदीच्या निविदांत घालाव्यात. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांना येथून काम सुरू करता येईल.

मुळशीला हा प्रश्न परका वाटू नये. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यांचा विजेला विरोध नव्हता. लोकांच्या जीवनाविषयीचा निर्णय कंपनीने लोकांना डावलून का घ्यावा, हा त्यांचा सवाल होता. पुढे कूळकायदा आला आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारले. ज्याने दाम मोजले आणि जो रोज वापरतो, त्याचेच यंत्र, हे तत्त्व त्याहून अवघड नाही. ते आपोआप येणार नाही, एवढेच.